अन्न, राहणी आणि शरीरांतील गृहकलह

मनुष्याच्या शरीरावर जन्मापासून मरणापर्यंत बाहेरच्या शत्रूंची स्वारी चाललेली असते. श्वासाबरोबर, पाण्याबरोबर, अन्नाबरोबर, किंबहुना कातडीवरच्या एखाद्या लहानशा ओरखड्यांतूनही असंख्य जंतु आंत शिरूं पाहतात. त्यांना थोपविण्यासाठीं निसर्गानें शरीरांत एक मोठी सेना ठेवलेली आहे. रक्तांतील पांढऱ्या पेशी आणि त्यांनीं निर्माण केलेलीं प्रतिद्रव्यें रात्रंदिवस पहारा करीत असतात. या पहारेकऱ्यांच्या अंगीं दोन गुण असावे लागतात. परका कोण हें त्यांना ओळखतां आलें पाहिजे, आणि आपला कोण हेंही ओळखतां आलें पाहिजे. पहिला गुण नसेल तर मनुष्य एखाद्या क्षुल्लक तापानेंही दगावेल. दुसरा नसेल तर पहारेकरी घरच्याच माणसांवर शस्त्र उगारतील.

हा दुसरा प्रकार शरीरांत घडूं शकतो ही गोष्ट शास्त्रज्ञांना सहजासहजीं पटली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिख या थोर जर्मन संशोधकानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, स्वतःवरच विषप्रयोग करण्याविषयीं शरीराला एक प्रकारची उपजत भीति असते. या मताचा अर्थ पुष्कळांनीं असा घेतला कीं, असें कधीं घडतच नाहीं. आणि पुढें जवळजवळ पन्नास वर्षें तो समज प्रबळ राहिला. १९५६ सालीं अमेरिकेंत नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनीं सशांवर केलेल्या प्रयोगांत सशाची सेना त्याच्याच गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीवर तुटून पडल्याचें दिसून आलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व त्यांचे सहकारी यांना, ती ग्रंथि सुजून हळूहळू निकामी होणाऱ्या रोग्यांच्या रक्तांत तिच्याचविरुद्ध उभीं राहिलेलीं प्रतिद्रव्यें सांपडलीं. घरांतील कलह सिद्ध झाला. अशा रोगांना डॉक्टर मंडळी ऑटोइम्यून रोग म्हणतात. मराठींत त्यांना स्वयंप्रतिकार रोग हें नांव रूढ झालें आहे.

या रोगांचें कुटुंब फार मोठें आहे. लहानपणीं जडणारा व इन्शुलिनवांचून न चालणारा मधुमेह, बोटांचीं पेरें सुजवून पुढें वांकडीं करणारा आमवात, थायरॉइड ग्रंथि मंदावणारा हाशिमोटोचा रोग आणि तीच ग्रंथि भडकविणारा ग्रेव्हजचा रोग, त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत सर्वत्र संचार करणारा ल्यूपस, समाजांत विनाकारण तिरस्काराचा विषय झालेलें पांढरें कोड, हीं सर्व त्याच कुटुंबांतील भावंडें आहेत. यांपैकीं कित्येक रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक होतात. एकाच घरांत एका बहिणीला थायरॉइडचा विकार, दुसरीला कोड आणि मामाला आमवात असाही योग आढळतो. कारण या रोगांची प्रवृत्ति वंशपरंपरेनें येते.

परंतु प्रवृत्ति निराळी आणि रोग निराळा. एकाच गर्भांड्यापासून जन्मलेल्या हुबेहुब जुळ्या भावंडांचें बीज एकच असतें. तरीही त्यांपैकीं एकाला आमवात झाल्यास दुसऱ्याला तो होण्याचा प्रसंग शंभर जोड्यांत सुमारें पंधरा वेळांच येतो. रोग सर्वस्वीं बीजांत लिहिलेला असता, तर शंभरांतील शंभरही दुसरीं भावंडें आजारी पडलीं असतीं. उरलेल्या पंचाऐशींना कोणती गोष्ट वांचविते? अन्न, हवा, धूर, ऊन, जंतुसंसर्ग आणि दैवयोग अशा अनेक गोष्टींकडे येथें बोट दाखवावें लागतें. यांतील दैवयोग आपल्या हातीं नाहीं. इतर गोष्टींपैकीं कोणत्या आपल्या हातीं आहेत, आणि किती, हाच खरा विचाराचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उत्तर ज्या एका रोगानें दिलें, त्याचा इतिहास मनोवेधक आहे. त्या रोगाचें नांव सीलियाक. दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्यानें पोटाच्या ज्या चिवट विकाराचें वर्णन करून ठेवलें आहे, त्यांतूनच हें नांव आलें. १८८८ मध्यें लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनीं लहान मुलांतील या रोगाचें रेखीव चित्र काढलें. मूल वर्षा-दीड वर्षाचें होईपर्यंत बरें वाढतें. पुढें त्याला पांढुरके, दुर्गंधीयुक्त जुलाब सुरू होतात, पोट फुगतें, हातपाय काड्यांसारखे होतात, आणि मूल चिडखोर व खिन्न दिसूं लागतें. रोग बरा व्हावयाचाच असेल तर तो आहारानेंच होईल, असें गी यांनीं लिहून ठेवलें होतें. पण आहार कोणता, हें त्यांना उमगलें नव्हतें. १९२४ मध्यें न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनीं अशा मुलांना केळ्यांवर ठेवून पाहिलें आणि मुलें सुधारलीं. तेव्हांपासून केळ्याला औषधाचा मान मिळाला. वस्तुतः गुण केळ्याचा नव्हता. केळीं देतांना पाव, बिस्किटें वगैरे पिठाचे पदार्थ बंद केले होते, त्याचा तो गुण होता. पथ्यांत काय खाल्लें याच्याकडे सर्वांचें लक्ष गेलें. काय टळलें याच्याकडे गेलें नाहीं.

तें लक्ष हॉलंडमधील एका बालवैद्यानें दिलें. विल्लेम कारेल डिके हे १९३६ मध्यें, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, हेग शहरांतील जुलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. गव्हाचा पाव बंद केला असतां सीलियाकचीं मुलें सुधारतात, असा संशय त्यांच्या मनांत युद्धापूर्वींच उत्पन्न झाला होता, आणि १९४१ मध्यें त्यांनीं गहू वर्ज्य करणाऱ्या साध्या आहाराविषयीं एक लेखही लिहिला होता. पुढें १९४४-४५ चा तो भयंकर हिंवाळा आला, ज्याला डच लोक आजही भुकेचा हिंवाळा म्हणतात. जर्मन सैन्यानें पश्चिम हॉलंडची रसद तोडली. लोक ट्यूलिप फुलांचे कंद शिजवून खाऊं लागले. सुमारें वीस हजार माणसें प्राणांस मुकलीं. पाव मिळेनासा झाला. अशा काळांत सगळीं मुलें खंगत असतां सीलियाकचीं मुलें मात्र बरीं राहिलीं, आणि युद्धाच्या अखेरीस पाव पुन्हां येतांच त्यांचें दुखणें उलटलें, अशी हकीकत सांगण्यांत येते.

डिके यांचा मोठेपणा असा कीं, ते हकीकतीवर थांबले नाहींत. थोड्याच मुलांना, पण वर्षानुवर्षें, त्यांनीं नजरेखालीं ठेवलें. आहारांतून गहू काढावयाचा, पुन्हां घालावयाचा, पुन्हां काढावयाचा, आणि दर खेपेस वजन, उंची व मलांतून वायां जाणारी चरबी यांची नोंद ठेवावयाची, असा क्रम चालविला. १९५० मध्यें उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनीं गहू व राय हीं धान्यें या रोगाला कारण होतात असें दाखविलें. पुढें व्हान डी कामेर व वेयर्स यांच्या सहकार्यानें हेंही सिद्ध झालें कीं, अपाय गव्हांतील पिष्टापासून होत नसून, कणकेला ज्यामुळें चिकटपणा येतो त्या ग्लूटेन नांवाच्या प्रथिनापासून होतो. हजारों वर्षें माणसानें ज्याला जीवनाचा आधार मानलें, तेंच अन्न कांहीं थोड्यांच्या बाबतींत वैरी ठरलें होतें.

असें कां व्हावें? ग्लूटेनचे कांहीं तुकडे जठरांतील व आंतड्यांतील रसांना नीट पचवितां येत नाहींत. ते लांबलचकच राहतात. बहुतेक माणसांत ते निरुपद्रवीपणें पुढें निघून जातात. परंतु कांहीं माणसांच्या पेशींवर वंशपरंपरेनें आलेल्या, डीक्यू-२ व डीक्यू-८ या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या, विशिष्ट खुणा असतात. आंतड्यांतील ट्रान्सग्लुटामिनेज नांवाचें एक पाचकासारखें द्रव्य त्या तुकड्यांचें रूप किंचित् बदलतें, आणि बदललेला तुकडा त्या खुणेंत कुलुपांत किल्ली बसावी तसा घट्ट बसतो. पहारेकऱ्यांना वाटतें, शत्रु आला. ते हल्ला करतात. आणि त्या गर्दींत त्या निरपराध ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धही प्रतिद्रव्यें निर्माण होतात. हें १९९७ मध्यें जर्मनींत उघडकीस आलें, आणि रक्ताच्या साध्या तपासणीनें हा रोग ओळखण्याचा मार्ग खुला झाला. लढाई चालते ती लहान आंतड्याच्या अस्तरावर. त्या अस्तरावर मखमलीप्रमाणें असंख्य बारीक अंकुर असतात, आणि अन्नांतील सत्त्व तेच शोषून घेतात. लढाईंत ते झडून सपाट होतात. मग मूल कितीही जेवलें तरी लोह, चुना, जीवनसत्त्वें यांपैकीं पुरेसें कांहींच अंगीं लागत नाहीं. जुलाब होतीलच असें नाहीं. केवळ न हटणारा पंडुरोग, खुंटलेली उंची, उशिरां आलेलें वय, ठिसूळ हाडें किंवा तोंडांत वारंवार येणारे फोड एवढ्यावरच कित्येकांचा रोग व्यक्त होतो.

आतां या खुणा आहेत किती जणांत? शंभरांत तीस-चाळिसांच्या अंगीं त्या असतात. रोग मात्र एखाद्यालाच होतो. बीज आणि अन्न यांचा हा संबंध आपल्या देशांतच फार चांगला दिसून आला आहे. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत भारताच्या उत्तर, ईशान्य व दक्षिण भागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढ माणसें तपासण्यांत आलीं. वंशपरंपरागत खुणा तिन्ही भागांत जवळजवळ सारख्याच, म्हणजे शेंकडा ३१ ते ३८ लोकांत, आढळल्या. परंतु रोग उत्तरेंत शंभरांत सुमारें एकाला, तर दक्षिणेंत हजारांत एकाला होता. गव्हाचें रोजचें प्रमाण उत्तरेंत माणशीं सुमारें ४५५ ग्रॅम भरलें. दक्षिणेंत तें अवघें २५ ग्रॅम होतें. एवढ्यावरून निकाल लागला असें मात्र म्हणतां येत नाहीं. ईशान्येकडील लोक रोज सदतीस ग्रॅमच गहू खात असूनही त्यांच्यांतील रोगाचें प्रमाण उत्तरेच्या जवळ जाणारें निघालें. अर्थात् धान्याखेरीज आणखीही कांहीं आहे.

तें आणखी काय असावें याची सूचना यूरोपच्या उत्तर टोकाकडून मिळते. फिनलंड आणि रशियांतील कारेलिया हे प्रांत शेजारीशेजारी आहेत. दोन्हीकडील लोकांचें रक्त बरेंचसें एक, हवामान एक, आणि गव्हाच्या सेवनांतही मोठें अंतर नाहीं. असें असून शाळकरी मुलांची तपासणी केली तेव्हां फिनलंडमध्यें सुमारें १०७ मुलांत एकाला, तर सीमेपलीकडे सुमारें ४९६ मुलांत एकाला सीलियाक रोग आढळला. लहानपणच्या मधुमेहाच्या बाबतींतही तोच प्रकार. फिनलंडमध्यें तो कारेलियाच्या सुमारें सहापट होता. फरक होता तो राहणींत. फिनिश मुलें सुखवस्तु, स्वच्छ घरांत वाढत होतीं. कारेलियाचीं मुलें गरिबींत, मातींत आणि अनेक जंतूंच्या सहवासांत. लहानपणीं जंतूंशीं सराव न झालेली सेना पुढें निष्कारण शस्त्र उगारते कीं काय, असा तर्क यावरून बांधण्यांत आला. हा तर्क विचारार्ह आहे. परंतु त्यावरून कोणीं मुलांना गढूळ पाणी पाजूं नये. अस्वच्छतेनें पुष्कळ मुलें मरतात. शिवाय, कांहीं जंतु रक्षक असतील तर कांहीं उलट चिथावणारे असतात. आंतड्याला होणाऱ्या कांहीं विषाणूंच्या संसर्गानंतर सीलियाकचा संभव वाढतो असेंही आढळलें आहे.

तान्ह्या मुलांना गहू केव्हां द्यावा, हा प्रश्न आयांच्या दृष्टीनें मोठ्या महत्त्वाचा. स्वीडनमध्यें १९८४ च्या सुमारापासून दोन वर्षांखालील मुलांत हा रोग एकाएकीं चौपट झाला, आणि १९९६ नंतर तितक्याच वेगानें उतरला. मध्यंतरीं तेथील बाळांच्या आहारांत बदल झाले होते. गहू थोडा उशिरां, पण एकदम मोठ्या प्रमाणांत आणि बहुधा अंगावरचें दूध सुटल्यावर मिळूं लागला होता. त्यावरून, आईच्या दुधाबरोबर थोडा थोडा गहू सुरू केल्यास रोग टळतो असें अनुमान निघालें आणि तें जगभर पसरलें. पण अनुमानाची प्रत्यक्ष परीक्षा झाली तेव्हां निकाल निराळा लागला. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दोन काळजीपूर्वक प्रयोगांत, गहू लवकर दिला काय किंवा वर्षभरानें दिला काय, पुढें रोग होण्याच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं. उशीर केल्यानें रोग फक्त उशिरां आला. आईच्या दुधानेंही हा विशिष्ट रोग टळला नाहीं, जरी इतर शंभर कारणांसाठीं तें दूध अमृतच आहे. २०१९ मध्यें अमेरिका, फिनलंड, जर्मनी व स्वीडन येथील प्रवृत्ति असलेल्या मुलांच्या निरीक्षणांत मात्र, पहिल्या पांच वर्षांत रोजचें ग्लूटेन जितकें अधिक तितका रोगाचा संभव अधिक, असें दिसलें. कारण आणि योगायोग यांतील भेद किती सावधपणें करावा लागतो, याचा हा चांगला धडा आहे.

गव्हावरून आतां धुराकडे वळूं. या रोगांच्या बाबतींत माणसाच्या हातीं असलेलें आणि निःसंशय अपायकारक ठरलेलें असें दुसरें एखादें कारण असेल तर तें तंबाखूचें धूम्रपान होय. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत आमवाताचा संभव जवळजवळ दुप्पट होतो. स्त्रियांतही तो वाढतो. स्वीडनमधील संशोधकांनीं त्याचें कोडें बरेंचसें उलगडलें आहे. धुरामुळें फुप्फुसांतील प्रथिनांचें रूप बदलतें; बदललेलें प्रथिन परकें वाटून सेना त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करते; आणि ज्यांच्या अंगीं वंशपरंपरेनें विशिष्ट खुणा आहेत, त्यांच्यांत हीं प्रतिद्रव्यें कित्येकदां सांधे दुखूं लागण्यापूर्वीं अनेक वर्षें रक्तांत वावरत असतात. दुखणें बोटांत दिसतें, पण कलहाची ठिणगी फुप्फुसांत पडलेली असते. ग्रेव्हजच्या रोगांत डोळे बाहेर येण्याची पीडाही धूम्रपान करणाऱ्यांना अधिक व तीव्र होते. व्यसन सोडल्यावर धोका उतरतो; परंतु तो पूर्ण उतरण्यास अनेक वर्षें लागतात. म्हणून सोडण्यासाठीं पुढच्या महिन्याच्या मुहूर्ताची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

मिठाचें उदाहरण निराळ्या प्रकारचें आहे. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतें. तें न मिळाल्यास गलगंड होतो आणि गर्भांतील मुलाच्या बुद्धीला कायमची इजा पोहोंचते. १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कसा हटतो हें दाखविलें, आणि त्या कार्यावर पुढें देशाची मोहीम उभी राहिली. दुसऱ्या बाजूस, डेन्मार्कनें १९९८ नंतर मिठांत आयोडीन घातलें तेव्हां गलगंड कमी झाला, पण थायरॉइडविरुद्ध प्रतिद्रव्यें असणाऱ्यांची संख्या कांहींशी वाढली. याचा अर्थ आयोडीनचें मीठ टाकून द्यावें असा मुळींच नाहीं. लाभ हानीहून फार मोठा आहे. अर्थ एवढाच कीं, उणेपणा वाईट आणि अतिरेकही वाईट. कोणाच्या सांगण्यावरून आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्रशेवाळाची पूड आपल्या मनानें सुरू करणें हें शहाणपणाचें नव्हे.

ड जीवनसत्त्वाविषयीं अलीकडे बरीच आशा बाळगली जाते. हें जीवनसत्त्व उन्हाच्या साहाय्यानें त्वचेंत तयार होतें, आणि सेनेला आवर घालण्याच्या कामीं त्याचा उपयोग होतो. अमेरिकेंत सुमारें सव्वीस हजार प्रौढ व वृद्ध माणसांना पांच वर्षांहून अधिक काळ ड जीवनसत्त्व किंवा नुसती पोकळ गोळी देऊन पाहण्यांत आलें. २०२२ मध्यें त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. जीवनसत्त्व घेणाऱ्यांत नवे स्वयंप्रतिकार रोग शेंकडा २२ नीं कमी निघाले. आंकडा मोठा वाटतो, पण प्रत्यक्ष संख्या पाहावी: एका गटांत १२३ रोगी, दुसऱ्यांत १५५, आणि प्रत्येक गटांत माणसें जवळजवळ तेरा हजार. गोळ्या बंद झाल्यावर हा लाभ टिकला नाहीं, असेंही नंतर दिसलें. अर्थात् हा कांहीं रामबाण उपाय नव्हे. शहरांतील बैठ्या, सावलींतल्या राहणींत ज्यांना या जीवनसत्त्वाची उणीव आहे, त्यांनीं ती तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानें भरून काढावी. मोठ्या मात्रा मनानें घेतल्यास रक्तांत चुना वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो.

हा सर्व विचार अखेर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो, आणि तेथें दोन प्रकारच्या चुका घडतात. पहिली चूक अज्ञानाची. मुलगा आठ वर्षांचा झाला, पण उंची पांच वर्षांच्या मुलाएवढी, चेहरा फिका, लोहाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपल्या तरी रक्त वाढत नाहीं. घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, मूल काटकच आहे, आमच्या घराण्यांत सगळे असेच. आई बिचारी त्याला बळ यावें म्हणून तुपांतला रव्याचा शिरा करून घालते. जें औषध म्हणून दिलें जातें, तेंच विष होतें. अशा मुलाच्या रक्ताची एक तपासणी व आवश्यक तर दुर्बिणीनें आंतड्याच्या अस्तराची परीक्षा एवढ्यानें निदान होतें. घरांत एकाला हा रोग निघाला, तर आईबाप व भावंडें यांचीही तपासणी करून घ्यावी. कारण जवळच्या नातलगांत शेंकडा सात ते दहा जणांना तो असतो.

दुसरी चूक अर्धवट ज्ञानाची. गहू वाईट, असें कोठेंतरी ऐकून कित्येक सुशिक्षित कुटुंबें आपण होऊनच गहू सोडतात. ज्यांना सीलियाक नाहीं आणि गव्हाची दुसरी कसलीही बाधा नाहीं, त्यांना त्यानें कांहीं लाभ होतो असा पुरावा नाहीं. उलट बाजारांतील ग्लूटेनविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांवर पैसा मात्र खर्च होतो. आणि ज्यांना तो रोग असेल, त्यांची आणखी मोठी हानि होते. गहू सोडल्यावर रक्तांतील प्रतिद्रव्यें हळूहळू नाहींशीं होतात, अंकुर पुन्हां उगवतात, आणि मग तपासणींत कांहींच सांपडत नाहीं. म्हणून नियम असा कीं, आधीं तपासणी, मग पथ्य. तपासणी होईपर्यंत पोळी बंद करूं नये.

निदान निश्चित झाल्यावर मात्र पथ्य जन्मभर आणि निरपवाद पाळावें लागतें. एका प्रयोगांत पथ्यावर बरे झालेल्या रोग्यांना तीन महिने रोज अवघें पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेन दिलें, तेवढ्यानेंही आंतड्याच्या अस्तराला इजा पोहोंचली. पावाच्या एका कापांत असतें त्याच्या चाळिसाव्या भागाइतकेंही हें प्रमाण नाहीं. तेव्हां, एका घासानें काय होणार आहे, या प्रश्नाला शास्त्राचें उत्तर स्पष्ट आहे. सुदैवानें महाराष्ट्राच्या व गोमंतकाच्या पाकशास्त्राला या पथ्याची भीति वाटण्याचें कारण नाहीं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा व सर्व डाळी ग्लूटेनपासून मुक्त आहेत. भाकरी, आंबोळी, घावन, उकडीचे मोदक, थालीपिठाची गव्हावांचून केलेली भाजणी, हें सर्व अशा मुलाला निर्धास्तपणें खातां येतें. जें पक्वान्न म्हणून मिरवतें तेंच वर्ज्य, आणि जें गरिबाचें म्हणून मागें पडलें तेंच पथ्यकर, असा हा प्रकार आहे.

तरीही कांहीं ठिकाणीं डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें. पिठाच्या गिरणींत आधीं गहू दळला असेल तर त्याच जात्यांतून निघालेलें ज्वारीचें पीठ शुद्ध राहत नाहीं. म्हणून दळण घरच्या चक्कीवर किंवा गहू न शिवणाऱ्या जागीं करावें. बाजारांतील पुष्कळशा हिंगांत गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, ही गोष्ट फार थोड्या गृहिणींना ठाऊक असते. रवा, मैदा, शेवया आणि कुरडया हीं गव्हाचींच रूपें. जव व जवाचें सातूपीठही वर्ज्य. पोळपाट, लाटणें व परात मुलासाठीं वेगळीं ठेवावीं. सर्वांत कठीण प्रसंग येतो तो सणासमारंभांत. सत्यनारायणाचा प्रसाद शिऱ्याचा, होळीला पुरणाची पोळी, वाढदिवसाला केक. मूल हात पुढें करतें आणि आई तो मागें ओढते, तेव्हां चार लोकांत आई कठोर दिसते. प्रसाद नाकारणें म्हणजे देवाचा अपमान, असें एखादी मायाळू आजी म्हणते. तिला समजावून सांगणें हें घरांतील सुशिक्षित माणसांचें काम आहे. तांदळाच्या रव्याचा शिरा देवालाही चालतो, आणि नातवालाही पचतो.

इतर स्वयंप्रतिकार रोगांत आहाराचें सामर्थ्य इतकें निर्णायक नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. पोळी सोडल्यानें आमवात बरा होत नाहीं. कारल्याच्या रसानें इन्शुलिनवरच्या मुलाचें इन्शुलिन सुटत नाहीं, आणि तें सोडविण्याच्या भरांत मूल दगावण्याचा संभव असतो. ज्यांच्या पथ्यानें रोगी औषध टाकतो, ते वैदू कितीही गोड बोलोत, त्यांच्यापासून दूर राहावें. मिताहार, भाजीपाला व कडधान्यें यांचा भरपूर उपयोग, वाजवी वजन, नियमित हालचाल, पुरेशी झोंप, दांतांची व हिरड्यांची स्वच्छता आणि धुरापासून दूर राहणें हे नियम शरीराला सर्वच बाबतींत हितकर आहेत. त्यांनीं संभव कमी होतो. अभयपत्र कोणालाच मिळत नाहीं. नियमानें वागणाऱ्यालाही हा रोग होऊं शकतो, आणि तसा तो झाला तर त्याच्या वागणुकीला किंवा त्याच्या आईच्या हातच्या अन्नाला दोष देण्याचा कोणालाही अधिकार नाहीं.

डॉ. डिके १९६२ मध्यें वारले. ज्या मुलांचें दुखणें पूर्वीं मृत्यूच्या दाराशीं नेऊन सोडीत असे, तीं मुलें त्यांच्या शोधानंतर चांगलीं वाढून संसारी झालीं, आणि तींही कोणत्याही महाग औषधावांचून, केवळ ताटांतील एक धान्य बदलून. शरीरांतील कलहाचें कारण इतकें उघड सांपडावें असें भाग्य बाकीच्या रोगांना अद्याप लाभलेलें नाहीं. तें लाभेपर्यंत शहाण्या कुटुंबाचें कर्तव्य एवढेंच कीं, जेथें पुरावा आहे तेथें कडक असावें, जेथें नाहीं तेथें साशंक असावें, आणि घरांतल्या फिक्या, खुंटलेल्या मुलाला नशिबाच्या हवालीं करण्यापूर्वीं एकदां डॉक्टरांकडे न्यावें.